घागरीवरचं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

दीडशे बाटल्या आल्या. क्लासवाल्यांना प्रत्येकीवर पोराचं नाव हवंय आणि खाली 'भावी डॉक्टर'. दीडशेच्या दीडशे डॉक्टर! नावं कोरायचं लेझर मशीन काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

दुपारी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच्या खोलीत आल्या. मशीन चालू असलं की त्या इकडे फिरकत नाहीत, उजेड डोळ्यांत जातो म्हणतात. आज कमरेवर पितळेची घागर घेऊन आल्या, तीही रिकामी. इस्लापूरहून लग्नात आलेली त्यांची घागर. त्यांच्या वडिलांनी बाजारातल्या माणसाकडून टिंबाटिंबांनी नाव टोचून घेतलं होतं. चिंच आणि राख लावून लावून ते आता गेलंय. काही उरलं असेल तर त्यांच्या बोटालाच कळतं.

म्हणाल्या, "माझ्या बापाचं नाव पुसून राहिलंय. तुझ्या मशिनीत घाल की."

काय घालायचं ते तीनदा सांगितलं : 'लिंबाजी यांची केवळा, इस्लापूर'. लिंबाजी त्यांचे वडील, केवळा त्या स्वतः. मी वहीत लिहून घेतलं. गिऱ्हाइकाचं लिहिते तसंच.

४ फेब्रुवारी

घागर कशासाठी ते आज कळलं. एकोणीसला नांदेडला भावजींच्या नव्या घराची वास्तुशांती आहे. पहिलं पाणी ह्या घागरीनं भरायचं आणि मग ती तिथेच ठेवायची. तनुजाला — माझ्या जावेला. थोरलीचा मान!

मी "बरं" म्हटलं आणि भाजी निवडत बसले.

५ फेब्रुवारी

चौदा वर्षं आत्या आमच्याकडे आहेत. चौदा वर्षं दर पाडव्याला घागर मी घासते. तनुजा दिवाळीला दोन दिवस येते, साडी देते, फोटो काढते, जाते. नवं घर तीन खोल्यांचं आहे म्हणे, पण आईला चार महिने नेतो, असं तिकडून कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मला घागर नकोच आहे. पाणी तर आम्ही फिल्टरचं पितो. तरी राग आला. आला तर आला, इथे लिहायला काय जातं!

७ फेब्रुवारी

बाटल्या झाल्या ऐंशी. निलंग्याच्या चंद्रप्पांना बायकोच्या वाढदिवसाला पितळी किचेन हवंय, एका बाजूला तिचा फोटो. फोटोत बाई रागावलेली दिसते. दुसरा आहे का विचारलं, तर म्हणाले, ती अशीच आहे. केलं. हुबेहूब आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

घागर केली.

आधी नीटच करणार होते. मशीनखाली ठेवली, दोन लाल ठिपके एकावर एक आणून अंतर जुळवलं. गोल भांड्याची अडचण अशी की मधली अक्षरं खोल बसतात आणि कडेची फिकी पडतात. 'लिंबाजी यांची केवळा, इस्लापूर' एका ओळीत बसेना. छोटं केलं तर वाचता येईना. हे सगळं खरं आहे.

पण पुढचं त्यामुळे झालं नाही. मी ती ओळ खोडली आणि तिथे 'रेणुका' टाइप केलं. स्वतःचं नाव. आत्यांना वाचता येत नाही, हे माहीत असूनच टाइप केलं. खोल बसावं म्हणून सहा वेळा फिरवलं.

पाच मिनिटं लागली. नंतर कुकर लावला.

१० फेब्रुवारी

आत्यांना घागर दिली. त्यांनी पदरानं पुसली, खिडकीपाशी नेली, नावावरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"लई आखूड आलं की गं."

मी सांगितलं, गोल भांड्यावर लांब नाव बसत नाही, म्हणून बारीक अक्षरात घातलं. "हाव," म्हणाल्या. आणखी काही विचारलं नाही. घागर जुन्या लुगड्यात बांधून पलंगाखाली ठेवली.

१२ फेब्रुवारी

काल दिवसभर काही वाटलं नाही. आज मात्र बाटलीवर 'भावी डॉक्टर' उमटताना एकदम डोळ्यांपुढे आलं — तनुजा शिकलेली आहे! भावजी, तिच्या माहेरचे, आलेले पाहुणे, सगळ्यांना वाचता येतं. पाट मांडलेला, त्यावर घागर, आणि नाव माझं. आणि त्या सगळ्यांत आत्या, बापाचं नाव आहे म्हणून अभिमानानं उभ्या.

माझी शोभा झाली तर झाली. मी केलंय. पण त्यांची होणार, हे मी धरलंच नव्हतं.

१४ फेब्रुवारी

घागर मागितली. पॉलिश करून देते म्हटलं. आत्या म्हणाल्या, झकास हाय, राहू दे. खरं तर पॉलिशनं ते जाणारही नाही. सहा वेळा फिरवलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं ठरवून त्यांच्याजवळ बसले. त्या ज्वारी निवडत होत्या. मीही निवडू लागले. सूपभर ज्वारी झाली. सांगितलं नाही.

ह्यांना सांगावं म्हटलं, तर हे डेपोतून आले ते कुणाशी तरी भांडूनच आले होते. तेही राहिलं.

१८ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं आत्या आणि हे नांदेडला गेले. मला अडचण आली, पूजेला चालत नाही, असं सांगितलं. खोटं. ह्या एका कारणाला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

घागर आत्यांनी ह्यांच्याकडेसुद्धा दिली नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. बसताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नीट राहा. उगा जीव जाळू नको." पाळीचंच म्हणत असतील.

१९ फेब्रुवारी

मुहूर्त सकाळी अकराचा. फोन नाही. बाटल्या संपवल्या. शेवटच्या चारपाच वाकड्या आल्या. माझ्याकडून सहसा येत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दोघं आले. आत्या सरळ न्हाणीत गेल्या. ह्यांनी चहा घेत घेत सांगितलं. ह्यांना त्यात विशेष काही वाटलेलं नाही, म्हणून लाडू कसे होते तेही मध्ये मध्ये सांगत होते.

घागर पाटावर ठेवली. तनुजानं वाकून नाव वाचलं, मोठ्यानं. म्हणाली, ह्याच्यावर तर रेणुकाचं नाव आहे! भावजी आईकडे बघू लागले. आत्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "हाव. म्याच घालाय लावलं. घागर तिचीच हाय. पूजेपुरती मागून आणली."

तनुजाचं तोंड उतरलं. आत्यांनी हातातली एक पाटली काढून तिच्या हातात घातली. दोन होत्या, आता एक आहे. पूजा झाली आणि घागर परत लुगड्यात बांधली.

हे विचारत होते, तू कधी मागितलीस घागर, मला बोलली नाहीस? मी म्हटलं, साखर संपलीय, घेऊन या. हे गेले. मग मी रडले. बराच वेळ.

२१ फेब्रुवारी

सकाळी घागर मशीनशेजारी ठेवलेली. आत्या खुर्चीवर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलं.

"माझ्या बापाचं नाव एवढं आखूड नसतंय, बाई. बोटाला कळतंय. त्याच दिवशी कळलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुझं राहू दे. त्याच्या वरल्या अंगाला आता माझ्या बापाचं घाल."

त्यांच्या नावाच्या दोन ओळी केल्या. व्यवस्थित बसलं.