घरटी एक खुर्ची

वाचायला बसण्याआधी चष्मा शोधा. कपाळावरच असेल. तुम्हा सगळ्यांचा विसरभोळेपणा मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते: हे वाचलं जात आहे त्याअर्थी मी गेलेली आहे. मध्येच आतल्या खोलीकडे तोंड करून "आई, याचा अर्थ काय गं?" असं विचारू नये.

तर मी, सभा-समारंभांना खुर्च्या भाड्याने देणारी, गल्लीत खुर्चीवाली आजी म्हणून माहीत असलेली, वय पंच्याहत्तरच्या पुढे (किती पुढे ते कोणी लिहून ठेवलेलं नाही), पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे लेखनिक हे लिहून घेत आहेत. ते म्हणाले, "आजी, कायद्यात बसेल तेवढंच लिहितो." मी म्हटलं, "नाही बसलं तर उभं राहू दे, पण लिहा." डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता. मी विचारलं, तुम्हाला माहीत नाही का? त्यावर त्यांनी सही करून टाकली.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. थोरल्याकडे एखादा कागद निघालाच, तर त्यावरचा अंगठा माझा नाही असं समजावं.

कलम पहिलं. माझ्या मालकीचं गोदाम, त्याला लागून असलेल्या दोन खोल्या, टेम्पो आणि दारावरची पाटी थोरल्या मुलाला द्यावी. पाटीवर खुर्चीचं चित्र आहे, त्यात खुर्चीला तीनच पाय दिसतात. रंगाऱ्याने सांगितलं होतं, चौथा मागे आहे. इतकी वर्षं मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आता थोरल्याने ठेवावा.

कलम दुसरं. शिलाई मशीन, माझे दोन्ही शालू, आणि लोखंडी पेटीतली तार कापायची पक्कड धाकट्या मुलीला. पक्कड कशासाठी ते तिला कळेल. लेखनिक म्हणतात, इतरांना कळणार नाही असं लिहू या. तसं लिहिलं आहे.

कलम तिसरं. बँकेतली शिल्लक माझ्या आजारपणातून उरली तर नातवंडांत सारखी वाटावी. उरली नाही तर आजारपण सारखं वाटावं लागेल, त्यापेक्षा मी लवकर जाईन.

कलम चौथं, खुर्च्यांविषयी. हे लांबलचक आहे. पाणी पिऊन या.

लोखंडी, घडीच्या, चारशेच्या आसपास खुर्च्या. प्रत्येकीच्या बुडाला हिरव्या रंगाचा ठिपका आहे. हा धंदा मी आणि ह्यांनी मिळून उभा केला. गावात दोन-तीन पक्ष भांडत होते तोवर आमचं बरं चाललं होतं. सकाळी मैदानात एकाची सभा, त्याच खुर्च्यांवर संध्याकाळी दुसऱ्याची. पुष्कळदा माणसंही तीच. ह्यांना एकदा हुक्की आली आणि हे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. सपाटून पडले. आमच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनीसुद्धा ह्यांना मत दिलं नाही. निकालाच्या दिवशी जिंकलेल्याने आनंदाच्या सभेसाठी आमच्याच खुर्च्या मागवल्या. ह्यांनी स्वतः नेऊन मांडल्या, रांगा सरळ केल्या, घरी आले आणि दोन वेळा भात मागून घेतला. हरलेला माणूस घरी येऊन जेवतो, याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आता हरलेले घरी येतातच असं नाही.

त्या काळात सभेवरून खुर्च्या परत आल्या की निम्मा दिवस दुरुस्तीत जायचा. कोणी खुर्चीवर उभं राहून प्रश्न विचारलेला, कोणी रागाने मागे ढकललेली, कोणी चक्क फेकलेली. मी तुटफुटीचे पैसे लावायची आणि तोंडाने शिव्या द्यायची. पुढे प्रमुख आले. सगळ्या सभा त्यांच्याच होऊ लागल्या. पहिल्याच मोठ्या सभेहून खुर्च्या परत आल्या तेव्हा मी एकेक उलटून पाहिली. पाय सरळ, पाठ सरळ, रंगाला ओरखडा नाही. चारशे माणसं चार तास बसली आणि एकही खुर्ची जागची हलली नाही. थोरला आनंदाने म्हणाला, "आई, तुटफूट शून्य! असं गिऱ्हाईक दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही." मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या सभेला त्यांनी खुर्च्या एकमेकींना तारेने बांधून मागितल्या. रांगा सुंदर दिसतात म्हणे.

मग मागच्या महिन्यात प्रमुखांच्या कचेरीतला माणूस करार घेऊन आला. सभ्य होता. पायपुसण्याला बूट पुसून आत आला, चहा संपवला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला.

"मावशी, तुमच्या सगळ्या खुर्च्या वर्षभर आमच्याकडे. दुसऱ्यांच्या मागे पळायची दगदगच नको तुम्हाला."

"आणि दुसऱ्या कोणाला लागल्या तर?"

"दुसरं आहे कोण?" तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला हो. चिडून म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर थोरला मला समजावत बसला. "आई, हा बाजार आहे. चांगला भाव देईल त्याला माल. गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही, हे तूच शिकवलंस."

"शिकवलं. पण बाजाराला निदान दोन गिऱ्हाइकं लागतात रे. एकच उरलं की ते गिऱ्हाईक नाही, मालक."

"मालक तर मालक. पैसे वेळेवर देतो ना?"

"आज देतो. उद्या नाही दिले तर कोणाच्या दारात जाशील?"

"कोर्टात."

यावर मी जे बोलले ते लेखनिकांनी लिहिलं नाही. म्हणाले, "आजी, मला रोज तिथंच बसायचं असतं." त्यांची लहान मुलं आहेत, म्हणून मी मागे घेतलं. इथे एक वाक्य नाही, एवढं मात्र लिहायला लावलं.

करारावर अंगठा हवा होता. मी अंगठ्याला फडकं गुंडाळून तो भाजल्याचं सांगितलं. तेव्हापासून थोरला वाट पाहतो आहे, अंगठा बरा होण्याची किंवा मी जाण्याची, जे आधी होईल त्याची. मन वाईट नाही त्याचं. माल पडून राहिलेला त्याला बघवत नाही, इतकंच. माझ्यामागे खुर्च्या त्याच्या नावावर झाल्या की त्याच संध्याकाळी तो करारावर सही करील आणि या गावात चार माणसांना एकत्र बसायचं झालं तर जमिनीवर बसावं लागेल.

मग सगळ्या धाकटीला का देत नाही, असं जावईबापू विचारतील. धाकटीचं म्हणणं असं की सभेच्या खुर्च्यांचं भाडंच घेऊ नये. "बोलण्यावर भाडं लावतेस का, आई?" मी म्हटलं, "बोलणं फुकटच आहे बाई, टेकायला भाडं आहे." ती ऐकत नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून बायकांनी सभा घेतली, त्यांना तिने परवानगीचा कागद न बघता फुकट खुर्च्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तिला चौकीत बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. उठताना तिने वाकून खुर्चीखाली पाहिलं, तर ठिपका हिरवा. (चौकीतल्या खुर्च्या परत मागाव्यात. देणार नाहीत, पण मागाव्यात.) पोरगी भित्री नाही, ते माझ्यावर गेलं आहे. हिशेबी नाही, ते ह्यांच्यावर. फुकट नेलेली वस्तू कोणी मोजून आणत नाही. थोरल्याच्या हाती खुर्च्या दिल्या तर एकाच्या घशात जातील, धाकटीच्या हाती दिल्या तर गावभर पांगतील.

पांगायच्याच असतील तर मीच पांगवते. सदर सर्व खुर्च्या मी आमच्या गल्लीतल्या आणि मागच्या वसाहतीतल्या घरांना, घरटी एक याप्रमाणे, कायमच्या मालकीने देत आहे. त्यास अटी अशा.

तीन मजली घराला एक आणि जिन्याखाली राहणाऱ्यालाही एकच. कापडवाले शेठ म्हणतील, आम्ही कर जास्त भरतो, आम्हाला जास्त द्या. त्यांना नम्रपणे सांगावं की आपल्यालाही बसायला एकच बूड आहे.

सलूनवाल्याने एका साखरपुड्यातून आमची एक खुर्ची नेली आणि गच्चीत ठेवून वर्षानुवर्षं तीवर ऊन खात बसतो. तीच त्याच्या वाट्याची धरावी. त्याला दुसरी देऊ नये, पण ठिपका दाखवून यावं.

ज्याने त्याने आपली खुर्ची विकावी, भाड्याने द्यावी, वाटेल तो भाव सांगावा. मी जन्मभर धंदा केला, धंद्याला नाव ठेवणार नाही. थोरल्याला कराराकरिता खुर्च्या हव्या असतील तर खुशाल घ्याव्यात. मात्र एकेका दारात जावं, बेल वाजवावी, भाव करावा, आणि समोरचा नाही म्हणाला तर पुढच्या दारात जावं. समोरच्याला नाही म्हणता येतं तोवर मी त्याला बाजार म्हणते. सभेलाही मी तेच म्हणते. दोन्हींत मला कधी फार फरक दिसला नाही. शिकलेल्यांना दिसतो म्हणतात.

खुर्ची सभेत उठून बोलताना मोडली, तर थोरल्याने ती गोदामात फुकट दुरुस्त करून द्यावी. गोदाम त्याला या अटीवरच दिलं आहे. घरी बसल्या बसल्या मोडली तर पूर्ण पैसे घ्यावेत.

कलम पाचवं. हातांची, गादी लावलेली एक मोठी खुर्ची आहे. जी सभा असेल तिच्या अध्यक्षाला ती द्यायची पद्धत होती. ती मी कोणालाच कायमची देत नाही. वाचनालयाच्या जिन्याखाली ठेवावी. ज्याची सभा असेल त्याने न्यावी आणि सभा संपली की त्याच संध्याकाळी परत आणावी. आणली नाही तर जाऊन घेऊन यावी. कोणी बसलेलं असलं तरी.

कलम सहावं. हे सारं अमलात आणण्याचं काम मी सुनेकडे, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडे, सोपवते. तिचा माझ्यावर राग आहे, त्यामुळे ती एका शब्दाची भर घालणार नाही. तिने जन्मात कोणाचं वाकडं केलं नाही, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली तीही तोंडावर ठेवली. थोरला डोळे वटारेल. डोळे वटारले की त्याला चष्म्यातूनही नीट दिसत नाही. तेवढ्यात तिने खुर्च्या वाटून टाकाव्यात.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना लेखनिक एका जागी हसले, म्हणजे बरोबर लिहिलं असणार. कायद्याने साक्षीदाराला या कागदातून काही मिळता कामा नये. सगळ्या गल्लीला खुर्ची देऊन बसल्यामुळे साक्षीदार नदीपलीकडून आणावे लागले.

सांगणारीचा अंगठा: (आहे)

साक्षीदार पहिली: नदीपलीकडची सुईण. सही.

साक्षीदार दुसरा: पावाच्या भट्टीवाला. सही, पीठ लागलेली.

लिहिणार: लेखनिक. सही. वगळलेलं वाक्य माझ्या सांगण्यावरून वगळलं.

ठिकाण: गोदामाला लागून असलेली आतली खोली. दिनांक: नऊ मार्च, सोमवार.

ता. क. हे वाचून झालं की थोरला उठून गोदामात जाईल, दार लावून घेईल आणि जेवणार नाही. लहानपणापासून असाच आहे. त्याच्या मागे धावू नये, जेवणाच्या वेळेला डबा पाठवावा. मऊ भात, उकडलेला बटाटा, वर थोडं तूप, मीठ वेगळ्या पुडीत. तिखट काही नको, चिडला की त्याचं पोट जळतं. डबा धाकटीने न्यावा. तो "नको" म्हणेल, तरी तिने उघडून बसावं. डबा दोघांचा भरावा.