शुभाला दाखवलेलं बेट

७ फेब्रुवारी १९५४, रविवार
अनंतनं आज जेवता जेवता सांगितलं. सव्वीस तारखेला शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला येणार, तिसरीला भूगोल तोंडी विचारणार. गेल्या साली शुभा त्यांच्यासमोर खांबासारखी गप्प उभी होती. परत तसं झालं तर जूनपासून अंधेरी सोडून दादरला, जयंतीकडे राहून तिथल्या शाळेत. जयंती माझीच लेक, पण शिस्तीची. तिच्याकडे पोरीला वेणीसुद्धा स्वतःची स्वतः घालावी लागेल. आणि मी सकाळी कुणाची घालू?
मी म्हटलं, भूगोल मी शिकवते. अनंत म्हणाला, आई, तू दुसरी पास. मी म्हटलं, पास आहे ना! कुंदा पदर तोंडाशी धरून आत गेली. सासूचं मन बघून सुनेला भरून आलं असावं.

८ फेब्रुवारी
टाइमटेबल केलं. सोमवार डोंगर, मंगळवार खाडी, बुधवार बेट. पुस्तक बंद! डोळ्यांनी बघायचं. भूगोल काय, तीन दिवसांचं काम.
संध्याकाळी: आजचा डोंगर राहिला. शेजारी पापड लाटायला बोलावलं होतं, नाही कसं म्हणायचं. डोंगर कुठे पळून जातो?

११ फेब्रुवारी, गुरुवार
डोंगर झाला! शाळा सुटल्यावर गावदेवीच्या डोंगरावर नेलं. माझी मेथड अशी की गुडघ्यांवरून ओळखायचं. चढताना मी एकदा बसले तर टेकडी, तीनदा बसले तर डोंगर. शुभानं बोटांवर मोजलं. वर देवीपुढे ओटी ठेवली. शुभा म्हणाली, आजी, तू चारदा बसलीस, आता हा पर्वत का? काय डोकं आहे पोरीचं! अगदी माझ्यावर गेली आहे.

१४ फेब्रुवारी
खाडी झाली. पाणी चाखून बघायचं, खारट तर खाडी, गोड तर नदी. शुभाला ओकारी झाली, पण फरक पक्का कळला. कुंदा माझ्याशी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी
आठ दिवस राहिले. अनंतनं सहज ट्रायल घेतली. टेकडी म्हणजे काय गं? शुभा ताडकन म्हणाली, जिथं आजी एकदा बसते ती. बघा, गप्प राहिली का? पण अनंतनं कपाळाला हात लावला आणि जयंतीला पत्र लिहायला घेतलं. लिहून टेबलावर ठेवलंय, अजून टाकलेलं नाही. येता जाता त्याच्याकडे नजर जाते.
मेथड बरोबर आहे. बेट राहिलंय म्हणून सगळं अडलंय.

२० फेब्रुवारी
कमळ कोळीण पापलेट घेऊन आली तेव्हा विचारलं, बाई, तुमच्या वेसाव्याला बेट आहे का? म्हणाली, खडक हाय ना समोर. पण आजे, उद्या चतुर्थी. नऊला सुकती, मंग पाणी चढतंय. जा न लगेच फिर.
ही मला चतुर्थी सांगते! पंचवीस वर्षं संकष्टी करते आहे मी. पंचांग माझ्या उशाशी असतं. गणपतीचा दिवस, विद्येची देवता, याहून झकास मुहूर्त कुठला?

२१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ५
दार लावून घेतलंय. लिहिते.
घरी सांगितलं, देवळात जाते. टांग्यानं वेसाव्याला नऊला पोचलो. कमळ म्हणाली ते खरं, सुकतीला पाणी पार मागे गेलेलं, दगडांवरून चालत खडकावर गेलो, चपलासुद्धा भिजल्या नाहीत. शुभानं विचारलं, आजी, बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं ना? मी म्हटलं, असतं, पण उन्हाळ्याकडे आटतं.
रताळी खाल्ली. गार वारा सुटला होता. जरासा डोळा लागला.
शुभानं हलवलं. टाळ्या पिटत होती. आजी, आता चारी बाजूंनी!
मी अथर्वशीर्ष सुरू केलं, अर्ध्यात विसरले. मग नुसतीच रडले, मोठ्यानं. शुभा मला थोपटत होती. एकाच्या सुमाराला कमळचा नवरा धर्मा होडी घेऊन आला, मला पोत्यासारखी उचलून आत ठेवलं. किनाऱ्यावर कमळ कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, आजे, पंचांग तेच गो. तू त्यात उपास वाचतंस, आमी पाणी वाचतांव.
शुभाला गणपतीची शपथ घातली आहे. घरी काही बोलायचं नाही.
एक मात्र झालं. बेट आता ती जन्मात विसरणार नाही.

२५ फेब्रुवारी
उद्या. शुभाला सात वेळा विचारलं, सातही वेळा बरोबर. अनंतचं पत्र तिथंच आहे. वर मी पानांचा डबा ठेवला, दिसायला नको.

२६ फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, बेट म्हणजे काय? शुभा घडाघडा बोलली. शाबास म्हणाले. पुढे विचारलं, मग सांग, तुम्ही सगळे कोणत्या बेटावर राहता? शुभा म्हणाली, बेटावर कोण राहील साहेब? तिथं आजी रडते.
सगळा वर्ग हसला म्हणे. उत्तर होतं साष्टी.
अनंतनं नकाशा काढून दाखवला. अंधेरी, बोरिवली, तिकडे मुलुंड, सगळं एकच बेट. वर वसईची खाडी, एका अंगाला ठाण्याची, खाली माहीमची. बेचाळीस वर्षं झाली मला लग्न होऊन इथं येऊन. कुणी एका शब्दानं सांगितलं नाही! ओट्यावर बसून दाखवता आलं असतं.
मी म्हटलं, अट गप्प राहण्याची होती, पोरगी बोलली आहे. अनंत म्हणाला, हो, बोलली खरी. मग शुभाला जवळ घेऊन हळूच विचारलं, आजी कुठं रडते गं?
पानांचा डबा उचलून त्यानं पत्र खिशात घातलं.

३ मार्च, बुधवार
जयंतीचं उत्तर आलं. खिडकीजवळची जागा शुभासाठी रिकामी केली आहे, वेणी घालायला आधीच शिकवून ठेवा म्हणते.
शुभाला आज पेड धरायला शिकवलं. तीन पेड, एक वर, एक खाली. एका फटक्यात आलं तिला.
मग अनंतला विचारलं, दादर तरी आपल्याच बेटावर ना रे? त्यानं नकाशा न काढताच सांगितलं, नाही, ते मुंबईचं बेट, वेगळं. मधे माहीमची खाडी.
मी विचारलं, सुकतीला चालत जाता येतं का?