राधेश्यामकाकांचा उजवा कान

प्रिय मीना,

तू पाठवलेली कात्रणं, फोटो आणि स्मरणिकेचा मसुदा मिळाला. 'रविवारपर्यंत सांगते' असं मी फोनवर म्हणाले होते, त्यानंतर दोन रविवार गेले. तू चिडली असशील. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि मेसेज केला तर तू अर्धा वाचून लगेच फोन लावशील. म्हणून पत्र. आज मिलमध्ये रोलिंग बंद आहे. लॅबमध्ये मी एकटीच आहे आणि एसी पहिल्यांदाच नीट चालतोय.

काम तू सोपं म्हणून दिलं होतंस. मंडळाला पन्नास वर्षं होताहेत, नव्या बॉक्सिंग हॉलवर 'जालन्याचे सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर' म्हणून एक नाव कोरायचं आहे, आणि ते तुझ्या वडिलांचं, कडूबाकाकांचं असावं हे जवळपास ठरलेलं आहे. अठ्ठावीस लढती, अठ्ठावीस विजय, अपराजित. आकड्यांतलं कळणाऱ्या कुणीतरी ते तपासून सही केली की बाकीच्या जुन्या खेळाडूंच्या घरचे बोलणार नाहीत. तुझ्या ओळखीत तशी मीच. शिवाय माझे पप्पा त्याच क्लबातले, तुझ्या वडिलांचे सरावातले जोडीदार. त्यांच्या नावावर एकच लढत, तीही हरलेली. म्हणजे आमच्या घराचा या मानावर काही दावा नाही, असं तू मंडळाला सांगितलंस. हे मला मंडळाकडूनच कळलं.

आधी नोंदींबद्दल. त्या अर्ध्याच आहेत. पेपरात फक्त जिंकणाऱ्याचं नाव यायचं, तेही बातमीदार जेवणापर्यंत थांबला असेल तर. गावोगावच्या जत्रेतल्या लढती कुणी लिहून ठेवल्या नाहीत. वजनगट म्हणशील तर मोंढ्यात धान्याच्या काट्यावर पोरांना उभं करायचे. मी हे सांगायला मंडळाच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथे वेगळाच वाद चालू होता. एक जण म्हणत होते, "आत्ताची पोरं डोक्याला टोप घालून खेळून राह्यली. कडूबाचा एक ठोसा पडला असता तर घरचा रस्ता इसरले असते." दुसरे म्हणाले, "तुमच्या कडूबाला आत्ताच्या पोरांनी नुसतं पळवलं असतं. मंग बसला असता धापा टाकत." मी म्हटलं, यातलं काहीच सांगता येणार नाही, कारण कोण कुणाशी लढलं हेच आपल्याला पूर्ण माहीत नाही. न नोंदलेली हार म्हणजे विजय नसतो. त्यावर पहिले म्हणाले, "ताई, तुम्ही सळया मोडा. माणसं आमच्यावर सोडा."

मिलच्या लॅबमध्ये सळया मोडून तपासणं हेच माझं काम आहे, त्यामुळे मला राग आला नाही. लोखंड कुठे आणि कसं मोडलं ते पाहिलं की जोर कोणत्या बाजूने आला ते कळतं. सोबत आलेल्या कागदावर काहीही लिहिलेलं असो. तेव्हा मी ठरवलं, कात्रणं बाजूला ठेवायची आणि ज्यांनी ठोसे खाल्ले ती माणसं पाहायची.

पहिले राधेश्यामकाका. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, तुला आठवत असेल. आपल्या दहावीच्या निरोप समारंभाच्या साड्यांवरचे ब्लाउजपीस तिथूनच घेतले होते. मी त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसले आणि नमस्कार केला. ते कापड मोजत राहिले. पुन्हा केला, तरी मोजतच राहिले. शेवटी एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "शेठ, पोरगी कवाची बोलून राह्यली." तेव्हा त्यांनी मान वळवली. "इकडून ये बाई, या बाजूला. तो कान मी कडूबाला दिला."

त्यांना ते सांगायला फार आवडतं. परतूरची लढत, तेव्हा ते तिकडेच राहायचे, जानेवारीचा शेवट, कडाक्याची थंडी, मैदान भरलेलं. दुसऱ्या राउंडला ठोसा आला आणि कानात शिट्टी वाजली, ती आजतागायत वाजते. "पण हरलो तर कडूबाशी हरलो," ते म्हणाले, "आलतूफालतूशी न्हाई." दुकानात गणपतीच्या शेजारी त्या लढतीचा फोटो लावलेला आहे. रोज उदबत्ती ओवाळताना त्यालाही ओवाळतात. फोटोत समोरच्याचा चेहरा हातमोज्यांमागे झाकलेला आहे. पाय मात्र स्पष्ट दिसतात. उजवा पाय पुढे आहे.

तू बॉक्सरची मुलगी आहेस, तुला समजावण्याची गरज नाही, तरी लिहिते. उजव्या हाताने खेळणारा डावा पाय पुढे ठेवतो आणि त्याचा जड ठोसा समोरच्याच्या डाव्या बाजूला बसतो. कडूबाकाका उजव्या हाताचे. राधेश्यामकाकांचा गेला तो उजवा कान. मला आधी वाटलं, फोटो उलटा छापला असेल, तसं होतं. म्हणून मागच्या कापडी फलकावरची अक्षरं पाहिली. ती सुलट आहेत. त्या क्लबात डावखुरं कोण होतं, हे आपल्या दोघींना माहीत आहे. गल्लीत आपल्याला बॉल कोण टाकायचं आणि तो आत वळायचा म्हणून तू 'चीटिंग' म्हणत कुणाशी भांडायचीस, ते आठव. पप्पा डाव्या हाताने करत नाहीत अशा दोनच गोष्टी: जेवण आणि सही. त्या आजीने मारून उजव्या हाताला लावल्या.

एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. डावा हूक कुणाचाही बसू शकतो. म्हणून बदनापूरला गेले, रामप्रसादकाकांकडे. रेल्वेतून निवृत्त झालेत, स्टेशनजवळच राहतात. पप्पांच्या नावावर जी एकमेव लढत आहे ती यांनी जिंकलेली, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. मला पाहून फार खूश झाले. "अण्णासाहेबाची पोरगी? मंग चहा माझ्याकडून. तुझ्या बापाला मी हरवेल हाये, तेवढा हक्क बनतो." त्यांच्या डाव्या गालाचं हाड आत गेलेलं आहे. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझ्या बापाची निशाणी. उजवा हात काय जड होता, बापरे. पण पहिल्या राउंडलाच. मंग उजवा मारला की त्याचंच तोंड वाकडं व्हायचं. मला कळलं, याचा हात दुखून राह्यला. मंग मी सोडतो का?" मी चहा संपवला. बिस्किटंही खाल्ली. माझ्या बापाचा उजवा हात जड होता असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

आता तुझ्या बारशाच्या फोटोबद्दल.

स्मरणिकेसाठी तू जे फोटो पाठवलेस त्यात तो आहे: काका उभे, त्यांच्या कुशीत तू, शेजारी उषाकाकू. पाठवलेला फोटो काकांच्या खांद्यापाशी कापलेला आहे. मूळ फोटो मी तुमच्या घरी टीव्हीच्या वर वर्षानुवर्षं पाहिलाय, कारण तुमच्याकडे केबल होती आणि आमच्याकडे नव्हती. त्यात काकांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि तुझं डोकं त्या प्लास्टरवर टेकलेलं आहे. आपण त्यावर हसायचो; तुझी पहिली उशी दगडाची, म्हणून तू हट्टी, असं काकू म्हणायच्या. तुझा वाढदिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बारसं बाराव्या दिवशी. परतूरची लढत त्याच महिन्याच्या शेवटी. आणि त्या हिवाळ्यात, मंडळाच्या यादीप्रमाणे, काकांनी आणखीही लढती जिंकल्या.

तो फोटो कुणी कापला हे मी विचारत नाही. जागा कमी असेल म्हणून कापला असेल, हीसुद्धा एक शक्यता मी मांडून पाहिली. पण उरलेले सगळे फोटो तू पूर्ण पाठवलेस, अगदी ज्यात मागे म्हैस आली आहे तोसुद्धा.

मी मम्मीला विचारलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. "पोस्टर आधी छापलं जायचं," ती म्हणाली, "कडूबाभाऊंच्या नावावर गर्दी यायची. बाहेरगावी चेहरा कुणाला माहीत? क्लब चालवणारे हबीब उस्ताद म्हणायचे, नाव क्लबचं असतं, आत माणूस कुणीबी असू दे." मी विचारलं, मग पप्पांच्या नावाचं पोस्टर कधीच का नाही छापलं? मम्मी म्हणाली, "काही गावात ते नाव लावलं असतं तर मैदानच मिळालं नसतं." ते तुला आणि मला समजावून सांगायची गरज पडू नये.

मार्चची गोष्ट तिने सांगितली नाही, पण ती जुळते. प्लास्टर निघालं होतं, हात चालतो की नाही ते बघायचं होतं, आणि अपराजित नाव पणाला लावायचं नव्हतं. म्हणून त्या दिवशी नावं उलटी झाली, काका पप्पांच्या नावावर उतरले. जिंकलेलं एका बाजूला गेलं आणि हरलेलं दुसऱ्या. उस्ताद आता नाहीत. राहिले दोघंच, तुझे वडील आणि माझे. राधेश्यामकाकांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तीस वर्षं ज्या फोटोला त्यांनी उदबत्ती ओवाळली, त्यातला माणूस बदलून मला काही मिळायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला आता वेगळी दिसते. दर चौदा एप्रिलला काका आमच्याकडे यायचे, न चुकता, पांढरा शर्ट घालून. पप्पा उठायला लागले की "बस, अण्णा, बस" म्हणत स्वतः आत जाऊन पाणी घ्यायचे. दोघं शेजारी बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. मला वाटायचं, ही मैत्री. मैत्री असेलही. पण दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या हातातून कप पडायला लागले, बोलताना शब्द सापडेनासे झाले, आणि त्यानंतर काका आले नाहीत. तू म्हणालीस, त्यांचे गुडघे दुखतात. मंडळाच्या बैठकीला ते जिना चढून येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते, कारण तुला वाटेल की मला हॉलवर पप्पांचं नाव हवंय. नकोय. काकांचंच राहू दे. मसुद्यावर मी सही करणार नाही, पण का केली नाही हे मंडळात कुणालाही सांगणार नाही. वेळ मिळाला नाही असं तू सांग. मागच्या महिन्यात पप्पांना संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. पप्पा पूर्वी बॉक्सिंग खेळायचे असं मम्मीच्या बोलण्यात आलं तेव्हा डॉक्टरांनी पेन उचलून विचारलं, किती लढती खेळलात, किती वेळा डोक्याला लागून खाली पडलात? पप्पांना त्या दिवशी माझं नाव आठवत नव्हतं. समोरच्या टेबलावरच्या घड्याळाला काय म्हणतात ते सांगता आलं नव्हतं. पण हे उत्तर अख्खं आलं, एका दमात, कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं: "एकच. तीबी हरलो." डॉक्टरांनी 'एक' लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्याच आजाराच्या तपासण्या लिहून दिल्या. तो 'एक' खोटा आहे. खरा आकडा या जगात आता एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो तुझ्या घरात राहतो. काकांना विचार, मीना. त्यांच्या नावावर पप्पा किती वेळा उतरले, आणि त्यातल्या किती वेळा खाली पडले. मंडळासाठी नको, लेखी नको. पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे जाणार आहोत. त्याआधी मला दोन आकडे पाठव. नुसते आकडे, सोबत दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अजून तरी तुझीच,
साक्षी