दुसरं कडवं

३ मार्च, सोमवार
आज दुपारी पावणेचार वाजता, नोंदणी कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनसमोर, माझं आयुष्य बदललं. तिने पेन मागितलं. मी दिलं. परत मागितलं नाही.

मी दादाच्या घराच्या कागदांची नक्कल आणायला रांगेत होतो. ती वडिलांना आणि त्यांची गाणी घेऊन. नवा कलानोंदणी कायदा आलाय. ३१ तारखेपर्यंत प्रत्येक गाणं, नाटक, चित्र कुणाच्या तरी नावावर हवं, नाहीतर चारचौघांत सादर करायचं नाही. तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणतात. व्हायोलिन वाजवतात, गाणी स्वतः लिहितात. एक्केचाळीस आहेत. फॉर्म बघूनच त्यांना घाम फुटला होता. म्हटलं, मास्तर, काळजी सोडा, मी कायद्याचा विद्यार्थी आहे. आहे म्हणजे होतो. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकाला खडसावून बाहेर पडलो. पण कायदा काय कॉलेजच्या फाटकापाशी थांबतो?

नक्कल राहिली. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्हाला मीठ आणायला पाठवलं तर समुद्र शोधत बसाल.

४ मार्च
संकल्प. कायदा मुळातून वाचणे. २१२ पानं, रोज वीस. पहाटे उठणे. ३१ तारखेच्या आत तिला मनातलं सांगणे.

९ मार्च, रविवार
कायदा: पान चार. बाकी पुस्तकावर वहिनीने गरम पातेलं ठेवलंय.

रोज मास्तरांकडे तालमीला जातो. पुढच्या खोलीत सात-आठ माणसं, खिडकी बंद, मधोमध ती. गाताना तिची डावी भुवई जराशी वर जाते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. एकही तालीम चुकवलेली नाही. मास्तर म्हणाले, पोरा, तुला गाणं फार आवडतं दिसतं. म्हटलं, जीव की प्राण.

१५ मार्च
गल्लीच्या तोंडाशी पोस्टरं रंगवणारा पेंटर होता. त्याच्या दुकानाला लाखेचं सील. नोंद नसलेलं चित्र सापडलं म्हणे. सकाळी दोघं आले, नम्रपणे बोलले आणि त्याला घेऊन गेले. शिडी अजून भिंतीला टेकलेली आहे. वर अर्धा चेहरा, एकच डोळा रंगवून झालेला. जाता-येता तो डोळा बघतो.

दादा म्हणाला, आपल्याला काय करायचंय. मला वाईट वाटलं. पेंटरजवळ माझ्यासारखा कुणी जाणकार असता तर!

३१ मार्च, दुपारी साडेचार
काम फत्ते.

थोडक्यात निभावलं. फॉर्म मीच भरले (आजच). खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं, आणि मशीन मास्तरांचं ओळखपत्र घेईना. फोटो पुसलेला. मागे रांग ओरडतेय. अशा वेळी माणसाची परीक्षा होते. मी माझं ओळखपत्र सरकवलं. एक्केचाळीस गाण्यांचा कर्ता: मी. तात्पुरता.

खिडकीतल्या बाईंना विचारलं, नंतर नाव बदलता येतं ना? मान वर न करता म्हणाल्या, येतं की. कर्ता मेला की येतं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तिला मनातलं सांगायचं राहिलं. गर्दी होती.

५ एप्रिल
प्रमाणपत्रं आली. छापल्यावर माझं नाव चांगलं दिसतं. गादीखाली ठेवलीत. योग्य वेळी तिच्या हातात देईन. प्रेमात एक्केचाळीस गाणी कुणी दिलीत का आजवर?

मास्तरांच्या कार्यक्रमासाठी हॉलवाल्याला कर्त्याचं परवानगीपत्र हवं होतं. मी सही करून परस्पर दिलं. परवानगी देताना बरं वाटलं, का ते कळलं नाही.

१२ एप्रिल
ती आमच्या घरी आली!

हॉलवाल्याने तिला कर्त्याचं नाव वाचून दाखवलं होतं. दारातूनच विचारलं, बाबांची गाणी तुझी कधी झाली? समजावलं, तात्पुरतं आहे, संरक्षणासाठी. म्हणाली, चोर परवडला, तो निदान घरी येऊन जेवून जात नाही. परत कर म्हणाली. खिडकीतल्या बाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. 

वहिनीने तिला पाणी दिलं. मला दिलं नाही.

१६ एप्रिल
पाकीट. पिवळं. गाणं क्रमांक सतरा, बंद घड्याळाचं. कलम नऊ: सार्वजनिक संस्थांविषयी अविश्वास पसरवणे. कर्त्याने २१ तारखेला सकाळी अकरा वाजता हजर राहावे.

कार्यालयाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ खरंच बंद आहे. कधीपासून ते कुणाला आठवत नाही.

पातेल्याखालून कायदा काढला. कलम नऊ पान एकतीसवर निघालं. कर्त्याला दोन वर्षं. पुढे वाचवलं नाही.

१७ एप्रिल
ती पुन्हा आली. या वेळी आवाज खाली. म्हणाली, बाबांना दमा आहे, तिथे महिनाभरही निभणार नाही. तुझ्या नावावर आहे ना? मग आता राहू दे तुझ्या नावावर.

माझं मनगट धरलं होतं. मी म्हटलं, दिला शब्द. तीनदा म्हटलं. दोन वर्षं म्हणजे काय! ती भेटायला येईल, मी गजांआडून हसेन.

तिने गाण्याची वही दिली. म्हणाली, विचारतील, नीट पाठ कर.

वही उशाशी ठेवली. काय अक्षर आहे! पहिली ओळ वाचली आणि अक्षरावरच थांबलो.

२० एप्रिल
बूट पॉलिश केले. उद्याचं भाषण तयार. ‘होय, हे गाणं माझं आहे!’ इथपासून सुरुवात. आरशासमोर चारदा म्हटलं. वहिनी दारात उभी होती. नेहमीसारखं टोचून बोलली नाही. म्हणाली, भावजी, गाणं पाठ झालं का? म्हटलं, महिनाभर तालमी ऐकल्यात, वहिनी.

मास्तरांना तिने यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते स्वतःच गेले असते.

२१ एप्रिल, संध्याकाळी
अधिकारी वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. भाषण वाईट अधिकाऱ्यासाठी होतं.

खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग. मी म्हटलं, होय, हे गाणं माझं आहे. तो म्हणाला, छान आहे हो, आमच्या मुलीलाही येतं. दुसरं कडवं म्हणा बघू.

म्हटलं, घसा बसलाय. त्याने पाणी ओतून दिलं. म्हणाला, सावकाश, नुसतं बोललात तरी चालेल.

दुसऱ्या कडव्याला ती कपाळावरची बट मागे सारते. मला तेवढंच आठवलं.

मग त्याने पुस्तक माझ्याकडे वळवलं. कलम अकरा: खोटी नोंद करणाऱ्याला सात वर्षं. खरा कर्ता सांगितल्यास माफी. म्हणाला, तुम्ही तरुण आहात. कागद सरकवला. माझं पेन तिच्याकडे आहे, म्हणून त्याचं वापरलं.

२२ एप्रिल
मी खोटं काहीच लिहिलं नाही. गाणं मास्तरांचंच आहे. तीच म्हणत होती ना, परत कर म्हणून? केलं परत. शिवाय सात म्हणजे दोन नव्हेत.

वहिनीने ताट वाढलं आणि आत निघून गेली.

२३ एप्रिल
सकाळी दोघं आले, नम्रपणे बोलले, मास्तरांना घेऊन गेले. त्यांनी व्हायोलिन नीट पेटीत ठेवलं, शेजाऱ्यांना चहा झाला का विचारलं, मग गाडीत बसले. हे मला दुधवाल्याने सांगितलं.

संकल्प: त्यांच्यासाठी अर्ज लिहिणे. कायदा पुन्हा मुळातून वाचणे.

२६ एप्रिल, शनिवार
नोंदणी कार्यालयातून दुरुस्तीचा कागद आला. कर्ता: मास्तर. म्हणजे कर्ता जिवंत असतानाही नाव बदलतं. खिडकीतल्या बाईंचं चुकलंच होतं. वाटलं, हा कागद तिला द्यावा, निदान एक गोष्ट जागेवर आली. वही परत करायलाही गेलो.

पुढच्या खोलीत सगळे होते. शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणत होते. शब्दांना बंदी आहे. मला बघून थांबले. कोपऱ्यातलं स्टूल उचलून कुणीतरी आत नेलं होतं.

तिने कागद वाचला, घडी केली. माझं पेन माझ्या खिशाला लावलं. मग म्हणाली, आलास तर दुसरं कडवं ऐकून जा. आणि माझ्याकडे बघत, हळूच, शब्दांसकट म्हटलं:

एक पोर म्हणाली, काटा काही हलत नाही,
गाव म्हणालं, हलतो गं, तुला काही कळत नाही.

दोनच ओळी. एकदा ऐकल्या की पाठ होतात.

भुवई वर गेली नाही. बटही मागे सारली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, तोवर त्या सगळ्यांनी तिच्यामागून तेच कडवं धरलं, शब्दांसकट. गल्लीत ऐकू जाईल असं वाटलं. मी बाहेर आलो आणि दार घट्ट ओढून घेतलं.