दोन हजारांची यादी

ता. १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे हिची बदली टळली, आणि मी अजून डोळ्यांवर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतो.

जुन्या सभासदांनी आपला तो फोनवरून निरोप टाकायचा-वाचायचा बुलेटिन बोर्ड पुन्हा चालू केलाय. काकांच्या दुकानामागच्या खोलीतला तोच कॉम्प्युटर, तीच फोनची लाइन. तुझा प्रोग्रॅम तुझ्या नावानिशी मांडायचा म्हणून त्यांनी तुला विचारलं, तर तू एका ओळीत कळवलंस, "तो सदोष आहे, नाव घालू नका."

म्हणून आठवडाभर मी तो वाचत बसलो. काय डोकं गं तुझं. शेजारचे बोर्ड रोज फोनवरून निरोपांचा गठ्ठा पाठवायचे आणि एकच निरोप दोन वाटांनी यायचा. आलेला परत घ्यायचा नाही, तर आधीचे सगळे लक्षात हवेत. आणि त्या यंत्राची स्मरणशक्ती माझ्याहूनही बेताची. तू निरोप साठवलेच नाहीस. प्रत्येकाच्या अक्षरांवरून एक आकडा काढलास आणि शेवटचे दोन हजार आकडे तेवढे ठेवलेस. नवा आला की सगळ्यांत जुना बाहेर. आठ हजार बाइटांत महिन्याभराची आठवण, आणि तू तेव्हा एकोणीस वर्षांची. वाचता वाचता मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरलो.

मी पाल्हाळ लावलं की काहीतरी लपवतोय, हे तू लहानपणापासून ओळखतेस.

तेव्हा मी लिहिलेला बुद्धिबळाचा खेळ त्या यंत्रात मावत नव्हता. सात हजार बाइट कमी पडत होते. मी तुझ्या प्रोग्रॅममधल्या दोन हजारांतलं एक शून्य पुसलं. आठवड्याने शेजारच्या बोर्डाकडून चुकून मागच्या अडीच आठवड्यांचा जुनाच गठ्ठा परत आला, बाराशे निरोपांचा. तुझ्या यादीने ते सगळे ओळखले असते. माझ्या दोनशेच्या यादीने नवे समजून घेतले आणि पुढे चार बोर्डांना वाटले. सभासदांच्या बैठकीत काका म्हणाले, "पोरी, हे तुला झेपणारं काम नव्हे." तू खोलीची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि पुन्हा कधी प्रोग्रॅम लिहिला नाहीस. मी दाराशी मूग गिळून उभा होतो.

एवढंच कबूल करायला बसलो होतो. पण काल नोंदींची फ्लॉपी उघडली. तुझा प्रोग्रॅम सुरू होताना यादीची लांबी तपासायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशीची नोंद आहे: यादी २००, हवी २०००. खाली रोमन अक्षरांत तू टंकलंयस, "धाकट्याचा खेळ. काकांना सांगायचं नाही, ते त्याला पुन्हा दुकानात घेणार नाहीत."

म्हणजे तुला माहीत होतं. मी त्याच खोलीत शिकलो, त्यावरच आजवर जेवलो. छत्तीस वर्षं तू एका शब्दाने बोलली नाहीस. ताई, मला फार लाज वाटली, आणि तुझा फार अभिमान वाटला.

आज सकाळी मी बोर्डावर सगळं लिहून टाकलं. मग पुसलेलं शून्य परत घातलं आणि तोच बाराशेचा गठ्ठा दोनदा आत लोटला. दुसऱ्या खेपेला एकही निरोप शिरला नाही. काका आता नव्वदीचे, शेजारी बसून बघत होते. मग म्हणाले, "तिला म्हणावं, किल्ली तिथेच टेबलावर आहे. न्यायला ये."

नावाला हो म्हण.

एक शून्य पुसणारा,
तुझा धाकटा