वारा लागू नये म्हणून

३ डिसेंबर
आज पुन्हा चक्कर. आंघोळीत पाटावरच बसून राहिले, उठताच येईना. आई म्हणते, "बाळंतपणात होते असं. खात नाहीस ना काही." डिंकाचे दोन लाडू पुढ्यात. डोकं ठणकतंय, मळमळतंय आणि म्हणे लाडू खा! मागच्या अंगणात उन्हात बसलं की बरं वाटतं, पण तिथंही बसू देत नाही. वारा लागेल! माहेरी आल्यापासून वाऱ्याचीच दहशत. दादानं माझ्यासाठी बाथरूममध्ये नवा गॅस गीझर बसवला आणि झरोक्यात कूलरचं जुनं गवत कोंबलं, वरून चिकटपट्टी. दाराखाली गोणपाट. बहिणीची काळजी.

५ डिसें.
चिऊला आईनं आंघोळ घालून बाहेर आणली तर पोर पार गळून गेलेली. रडली नाही, दूध ओढलं नाही, नुसती झोप. आई खूश. "आंघोळ मानवली पोरीले!" मला नाही बरं वाटलं. दुपारभर तिच्या नाकापाशी बोट धरून...

८ डिसें.
पडले. नळाची तोटी कपाळाला लागली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दादानं दवाखान्यात नेलं. डॉ. बाईंनी पहिलं काय विचारलं, तर गॅस गीझर आहे का? कुठे? आत? मी गवताचंही सांगितलं. बाई दादावर अशा भडकल्या की मला बरं वाटलं. बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू साठतो, कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही. बाळाला तर आधी बाधतो. परतताना दादा म्हणतो, "लीक असतं तर वास आला असता ना. सिलेंडर तर बाहेर आहे." आत्ताच सांगितलं ना त्यांनी! पालथ्या घड्यावर पाणी.

९ डिसें.
स्टुलावर चढून सगळं गवत उपसलं. बाळंतपणाचे टाके दुखले, दुखू देत. संध्याकाळी पाहते तर पुन्हा कोंबलेलं! आई म्हणाली, "थंडीनं पोरगी गेली तर?"
"आणि अशीच गेली तर?" मी ओरडले. ती पदर डोळ्यांना लावून बसली.
दादाचं वेगळंच. "बारसं होऊ दे, मग बाहेर लावू. पाहुण्यांले काय थंडं पाणी द्याचं? तुझ्यासाठीच आणला ना वं." माझ्यासाठी!
ह्यांना सासरी वाडीला फोन केला, न्यायला या. म्हणाले, गोडाऊनला सुट्टी नाही, "आणि सव्वा महिन्याच्या आत कसं आणू? आई काय म्हणन?" सगळ्यांना आया आहेत. चिऊची आई मी आहे, हे कोणाच्या लक्षातच नाही.

११ डिसें.
सकाळी जरा डोळा लागला. उठले तर पाळणा रिकामा, बाथरूमचं दार लोटलेलं, आत गीझर चालू, आई चिऊला आंघोळ घालतेय. चिऊला ओलीच उचलली, शालीत गुंडाळली आणि थेट अंगणात. रडली! तोंड लाल करून, चांगली जोरात.
आई मागून ओरडत आली, "वारा लागते वं तिले, पागल झाली काय!" आणि ओरडता ओरडता भिंत धरून पायरीवर बसली.
"डोकं दुखून राहिलं का?"
"नाही." हात कपाळावरच.
"खरं सांग."
"तुझ्या कटकटीनं दुखते."
एवढा गार वारा, पण आत चल म्हणाली नाही.