सॅडलच्या घळीत तिघी

एस्कलांटे, यूटा
१४ ऑक्टोबर १९९७, मंगळवार

प्रिय थेन,

तुमच्याकडे बॉइझीत एव्हाना थंडी पडली असेल. इथे आई बरी आहे, दोन वेळा नीट जेवते, आणि कुत्र्याला अजूनही चुकून तुझ्याच नावाने हाक मारते. मागच्या अंगणातलं जर्दाळूचं झाड शेवटी तोडावं लागलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. खरं म्हणजे जे सांगायचंय ते फोनवर मला जमलंच नसतं.

पण आधी हे ऐक. मी सॅडलची घळ पार केली. वरच्या तोंडाने आत शिरले आणि चौदा मैल चालून दुसऱ्या दिवशी खालून बाहेर पडले. रोज शाळेत दोनशे पोरांना जेवण वाढणारी तुझी सेहेचाळीस वर्षांची बहीण, पाठीवर पस्तीस पौंडांची सॅक घेऊन. तीन दिवस झाले, पिंढऱ्या अजून दगडासारख्या आहेत, आणि जिना चढताना मी एकटीच हसते.

हे सगळं जोलीनचं खूळ. तुला आठवत असेलच, टायरचं दुकान चालवणारी, पंक्चर काढता काढता अख्ख्या गावाची लफडी सांगणारी. पावसाचा अंदाज तिने तीन ठिकाणी विचारला, आपला ट्रक आदल्या दिवशी घळीच्या खालच्या टोकाला नेऊन ठेवला, आणि शुक्रवारी सकाळी तिच्या मेव्हण्याने आम्हाला वरच्या टोकाला सोडलं. तो धुरळा उडवत गेला आणि मला दिसलं, की दगडावर बसून कोणीतरी बुटाची नाडी बांधतंय.

मार्वा होती.

हो, तुझी मार्वा, माझी एके काळची भावजय. कागद खाली ठेवू नकोस थेन, पुढे वाच.

जोलीनने आम्हा दोघींनाही काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मी परत जाते."

"जा की," जोलीन म्हणाली. "रस्ता एकतीस मैल आहे. गाडी खालच्या टोकाला आहे आणि किल्ली माझ्या खिशात."

 मार्वाने सॅक पाठीवर टाकली आणि चालू लागली.

पहिले तीन तास जोलीन मध्ये, आम्ही दोघी दोन टोकांना. मी म्हणायचे, "तिला सांग, पुढे ओढ्यात दगड निसरडे आहेत." मग पुढून आवाज, "तिला सांग, मला दिसतात." शेवटी जोलीन थांबली. "मी टायर विकते," ती म्हणाली. "टपाल वाटत नाही. काय ते तोंडावर बोला."

पण थेन, ती घळ! बाबा वर्षानुवर्षं गुरं घेऊन काठावरून जायचे, आणि आपण कधी आत डोकावलो नाही. भिंती वर चढत गेल्या, जवळ आल्या, मग एवढ्या जवळ की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड हाताला लागे. वर आभाळाची नुसती फीत. एका ठिकाणी मोठा दगड वाट अडवून बसलेला, खाली गळ्याइतकं पाणी. सॅका दोरीने खाली सोडल्या आणि एकेक करून उड्या मारल्या. पाणी असं गार की माझा श्वासच अडकला. बाहेर आल्यावर दातावर दात आपटत होते आणि मी म्हणत होते, पुन्हा, पुन्हा करू या. मार्वा माझ्याकडे बघून हसली आणि लगेच तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

दुपारी घळ रुंद झाली. मी जोरात चालत होते, सगळ्यांच्या पुढे, फार शहाणी असल्यासारखी. ओल्या वाळूत पाय टाकला आणि तो खाली जातच राहिला. उजवा पाय मांडीपर्यंत आत. ओढू गेले की वाळू आणखी आवळायची. पायाभोवती झिरपणारं पाणी बर्फासारखं. जोलीन पुढे आली तर तीही रुतायला लागली, कशीबशी मागे सरकली आणि दोर शोधायला लागली.

मार्वा वाळूवर पोटावर पालथी झाली, सरपटत माझ्यापर्यंत आली आणि स्वयंपाकाच्या पातेल्याने पायाभोवतीची वाळू उपसायला लागली. एक पातेलं वाळू बाहेर, एक पातेलं पाणी आत. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर. चार वर्षांत पहिल्यांदा.

"पाय ओढू नकोस," ती म्हणाली. "नुसता हलव."

मग बऱ्याच वेळाने, उपसता उपसता, "किराणा दुकानात मला बघून तू ढकलगाडी वळवलीस. पिठाकडे. तुला पीठ हवं होतं?"

"नाही."

"मग?"

"दोन पोती घेतली," मी म्हटलं. "अजून एक तसंच पडलंय."

ती हसायला लागली, मग मी, मग मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मार्वा, मला सगळं माहीत होतं."

तिचं पातेलं थांबलं. "काय माहीत होतं?"

"थेनच्या त्या टोनोपाहच्या बाईचं. त्यानेच मला सांगितलं होतं. तू त्याला घराबाहेर काढण्याच्या आधी महिनाभर."

 मला वाटलं, आता ही उठून जाईल. तिचा हक्क होता. ती म्हणाली, "आणि मी घर मोडलं म्हणून तुझी आई चर्चच्या पायऱ्यांवर मला नाही नाही ते बोलली, तेव्हा तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"पाय हलव," ती म्हणाली, आणि पुन्हा उपसायला लागली.

पाऊण तासाने पाय निघाला. बूट आतच राहिला. पुढचे आठ मैल मी एका पायात माझा बूट आणि दुसऱ्या पायात जोलीनची होडीएवढी चप्पल घालून चालले. रात्री मुक्कामाला मार्वाने घरच्या पीचची बाटली उघडली आणि पहिली फोड माझ्या ताटलीत टाकली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जोलीन पुढे होती, आणि आम्ही दोघी मागे बोलत, मध्येच भांडत, पुन्हा बोलत. तिसरीच्या वर्गात एका बाकावर बसायचो तशा. खालच्या तोंडातून बाहेर पडलो, अंगावर ऊन आलं, आणि तिघींनी ट्रकच्या टपावर सॅका फेकल्या. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आता ते सांगते.

रविवारी मी आईला खरं सांगितलं. तू माझ्या स्वयंपाकघरात बसून जे बोलला होतास ते सगळं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती अजून त्याच घरात राहते का?" मी हो म्हटलं. तिने कोट घातला. मी तिला गाडीतून घेऊन गेले आणि गाडीतच बसून राहिले. ती काठी टेकत एकटी दारापर्यंत गेली. दार उघडलं, ती आत गेली. तासाभराने बाहेर आली, तेव्हा मार्वा तिचा दंड धरून होती. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही.

तू माझ्यावर विश्वासाने टाकलेली गोष्ट मी उघड केली. तुझा राग मला मान्य आहे. पण तुझ्यासाठी मी चार वर्षं गप्प राहिले, त्याची किंमत दुसरीनेच मोजली. ते यापुढे माझ्याने होणार नाही. आई तुझ्यावर ओरडणार नाही. तिला एवढंच हवंय की तू येऊन तुझ्या तोंडाने सांगावंस. थँक्सगिव्हिंगला ये. खोली झाडून ठेवते. भांडायचं असेल तर तेही इथे येऊन भांड, फोन वाजत ठेवून नको.

तू माझा धाकटा भाऊ आहेस, आणि ते काही बदलत नाही.

तुझी बहीण, आणि आता चारचौघांत मार्वाची मैत्रीण,
आफ्टन